करवंटीतली चौथी बी

या सदरातले अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतो आहे, पण स्वतः कधी एक ओळ लिहिली नाही. मुळात मी बोलायला कमी... आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वासही नव्हता. मी तळा गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. अंधारात पांढरं काही हललं तर ते वाळत घातलेलं धोतर असतं, जाऊन हात लावून बघा, असं मुलांना सांगणारा मी माणूस. आजही तेच सांगतो. फक्त एका सकाळपाशी आलो की माझं विज्ञान थांबतं.

यात अमानवीय काय आणि माझ्या हातून घडलेलं काय, हे दोन्ही सरळ लिहिणार आहे. दुसरं लिहिणं जास्त जड आहे, म्हणून इतकी वर्षं लागली.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माघ महिना, हवा छान गार. आम्ही कॉलेजचे आठ मित्र, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे, तीन दिवसांच्या ट्रिपला निघालो होतो. बायकामुलं नाहीत, गाड्या नाहीत, नुसतं समुद्रावर हिंडायचं. आगरदांड्याला एका घरी उतरायचं, रोज सकाळी शिडाच्या होड्यांतून बाहेर पडायचं, एखाद्या बेटावर नाश्ता, दुपारी परत येऊन मासे आणि झोप. मी किहीमचा, म्हणजे समुद्रकाठचा, म्हणून सगळी व्यवस्था माझ्याकडे. दोन होड्या ठरवल्या, प्रत्येकीत चौघे.

आमच्या होडीत मी, दिलीप, सुधीर आणि नंदू. तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, होते हिराजीनाना, साठी उलटलेले, बोलणं मोजकं. नानांची एक पद्धत होती. होडीतल्या माणसांकडे बोट करून ते कधी मोजत नसत. माणसं मोजू नयेत म्हणायचे. त्याऐवजी उंडीच्या बिया वापरायचे. किनाऱ्यावर उंडीची झाडं असतात, त्यांच्या बिया गोटीसारख्या गोल आणि टणक. पूर्वी त्यांचं तेल काढून होडीला लावत. तर नाना निघताना प्रत्येकाच्या हातात एक बी देत. बेटावर उतरताना ती होडीच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला ठेवलेल्या करवंटीत टाकायची, परत चढताना आपली उचलायची. करवंटीत बी उरली म्हणजे माणूस बेटावर उरला. कोणी होडी बदलून दुसरीतून जाणार असेल, तरी आधी इथली आपली बी उचलायची. दुसऱ्या होडीवर त्यांच्या पुतण्याचीही हीच रीत.

पहिल्याच दिवशी नंदूने स्कूटरच्या चावीने आपल्या बीवर फुली कोरली. "आपल्याला आपलीच पाहिजे बाबा," म्हणाला, "मास्तरची उचलली आणि त्याच्यासारखं पाण्याला घाबरायला लागलो तर?"

मास्तर म्हणजे मी.

ही चेष्टा तीन दिवस चालली होती. मी समुद्रकाठचा खरा, पण मला वल्हवता येत नाही. लहानपणी एकदा होडकं उलटलं, तेव्हापासून वल्हं हातात धरलं नाही. होडीत बसलो की दोन्ही हातांनी कड घट्ट धरतो. नंदूने त्याची नक्कल केली, सगळे हसले, मीही हसलो. नंदू तसा दुष्ट नाही. त्याला माणसं हसवायला आवडतात आणि समोर जो असेल तो त्याला पुरतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी होडीत त्याने माझ्या वडिलांची नक्कल केली. वाडीत पाणी सोडताना विहिरीवरून ते मला कशी हाक मारायचे ती. कॉलेजात असताना तो आमच्याकडे यायचा, तेव्हाची त्याच्या लक्षात होती. "अरे शेखर... अरे कुठे मेलास..." हुबेहूब. वडील आदल्याच श्रावणात गेले होते. नंदूला ते माहीत होतं, पण त्या क्षणी विसरला असावा. मी हसलो. इतरांपेक्षा जरा जास्तच हसलो.

कारण एवढंच. मोठं वैर नाही, जुना वाद नाही. हे लिहायला सगळ्यात लाज वाटते की कारण एवढंच होतं.

त्या दिवशी आम्ही एका खडकावर गेलो. त्याचं खरं नाव देत नाही, म्हसपाठ म्हणू. पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा दिसतो. ओहोटीला दोन-अडीचशे पावलं लांब उघडा पडतो, भरतीला पूर्ण पाण्याखाली. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीच्या पाऊणपट. त्या दिवशी तृतीया, म्हणजे पूर्ण भरती सव्वादोनच्या सुमारास. आठच्या ओहोटीला उतरायचं, दहाला निघायचं, आणि साडेदहानंतर तिथे उभं राहायला जागा नाही. हे मीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. वेळ मला नीट माहीत होती, हे लक्षात असू द्या.

नाश्ता झाला, फोटो झाले. फोनला रेंज नव्हती. नंदू खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले काढायला पलीकडच्या टोकाला गेला. मध्ये खडकाचा उंचवटा, त्यामुळे इकडून दिसत नव्हता. पावणेदहाला दुसरी होडी निघून गेली. दहाला नानांनी आम्हाला हाक मारली. दिलीप, सुधीर पाण्यातून चालत गेले, आपापली बी उचलून बसले. शेवटी मी. करवंटीत दोन बिया होत्या. एक माझी, एक फुलीची.

मी दोन्ही उचलल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या.

"नंदू कुठाय?" दिलीपने विचारलं.

"त्या होडीतून गेला," मी म्हणालो. "कालवं भाजायची घाई."

"खादाड आहे साला," दिलीप म्हणाला.

नानांनी करवंटीत डोकावून पाहिलं आणि शीड सोडलं.

माझा बेत असा होता की दहा मिनिटं जायचं, मग म्हणायचं, अरे, नंदू त्या होडीत नक्की होता का? मग परत फिरायचं. त्याला वीस मिनिटं एकट्याला पाणी चढताना बघू दे. पोहता येत नाही त्याला. जरा घाबरेल, तोंड बंद होईल. भरतीला अजून अवकाश होता. सगळं नीट मोजलेलं होतं.

दहा मिनिटांनी मी म्हणालो, "नाना, नंदू खरंच त्या होडीत असेल ना? वळून बघून येऊ या का?"

नाना म्हणाले, "वाटी रिकामी हाय."

"तरी पण..."

"मास्तर, मानूस खोटा बोलंल. बी न्हाय बोलत." आणि सुकाणूवरचा हात त्यांनी हलवलाही नाही.

हे माझ्या बेतात नव्हतं. होडी फिरवायची तर आता एकच मार्ग होता, खिशातली बी काढून दाखवायची. म्हणजे दिलीप आणि सुधीरसमोर सांगायचं की मी माणूस मागे ठेवला, मुद्दाम ठेवला. मी ठरवलं, आता सांगतो. मग ठरवलं, समोर पाण्यात दिसणारा खांब आला की सांगतो. खांब मागे गेला. सुधीर कुठल्या तरी मेथीच्या लाडवांबद्दल बोलत होता, ते संपलं की सांगतो म्हटलं. वारा मागून होता, होडी झपाट्याने चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कड धरली नव्हती. हात मांडीवर होते आणि मी पाण्याकडे बघत मनात खडकाची उंची मोजत होतो. आता घोटा... आता गुडघा...

असा मी तीस मिनिटं बसलो. मिनिटं मी घड्याळात बघितली आहेत.

शेवटी उठलो. "नाना, होडी फिरवा," म्हणालो आणि खिशात हात घातला.

खिशात एकच बी होती. काढून पाहिली. गुळगुळीत, फुली नाही. माझी.

खिसा उलटा केला. पायाखाली पाहिलं, फळीखाली पाहिलं. खिशाला झाकण होतं, बटण लावलेलं होतं, ते मीच आत्ता उघडलं होतं.

"काय हरवलं?" दिलीप म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो.

यावर कोणी मला सूट देऊ नका. बी नसली तरी तोंड होतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. बी नाही म्हणजे मी ती उचललीच नसेल. नंदूने स्वतःच उचलली असेल, तो खरोखर पुढे गेला असेल. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो. पण दोन बिया उचलल्याचं माझ्या बोटांना आठवत होतं.

आगरदांड्याचा धक्का दिसायला लागला. दिघीला जाणारी फेरीबोट लागलेली होती, गाड्या चढत होत्या. फोनला रेंज आली. पुढच्या होडीतल्या कोणाला तरी फोन लावावा म्हणून मी नंबर शोधत होतो, बोटं ओली, काही लागत नव्हतं. तेवढ्यात दिलीप म्हणाला, "तो बघा खादाड."

धक्क्याच्या पायरीवर नंदू बसला होता. पँट मांडीपर्यंत ओली, मांडीवर कांदाभज्यांचा कागद. आमच्याकडे बघून त्याने हात हलवला.

मी धक्क्यावर कसा चढलो आठवत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसलो, त्याचा दंड धरला. खरा होता, गरम होता, कांद्याचा वास येत होता. इतका आनंद मला पुढे माझ्या मुलाच्या नोकरीच्या वेळीही झाला नाही.

दिलीप, सुधीर चहाला गेल्यावर नंदू हळूच म्हणाला, "मास्तर, एक सांगू? कोणाला बोलू नकोस. मी तिथे रडत होतो रे."

मी त्याचा दंड सोडला.

"वर आलो तर होड्या नाहीत. ओरडलो, शर्ट काढून हलवला. पाणी इथवर आलं." त्याने मांडी दाखवली. "म्हटलं, संपलं. माधुरीचा चेहरा आला डोळ्यांसमोर. आणि मग तू आलास."

"मी?"

"नाहीतर कोण? ते बारकं होडकं घेऊन. कुठून पैदा केलंस? आणि वल्हवता येत नाही म्हणतोस हरामखोरा, कोळ्यासारखा हात चालत होता तुझा." एवढं होऊनही त्याची चेष्टा सुटत नव्हती. "एक शब्द बोलला नाहीस वाटेत. नुसतं म्हणालास, 'उशीर झाला, बस.' मला वाटलं, चिडलायस माझ्यावर. सकाळी मी काकांची नक्कल केली ना... सॉरी रे. तिथे पाण्यात उभा असताना मला तेवढंच आठवत होतं."

नंदूने सांगितलं त्याप्रमाणे होडक्यातल्या माणसाच्या डोक्याला गुंडाळलेला निळ्या चौकड्यांचा टॉवेल माझाच. हे ऐकतानाही तो माझ्या डोक्यावर होता. शर्ट माझा. धक्क्यापाशी त्याला उतरवून होडकं फेरीच्या मागे गेलं आणि थोड्या वेळाने मी शिडाच्या होडीतून आलो. त्याची समजूत झाली की फेरीआड मी ह्या होडीत चढलो आणि होडकं ज्याचं त्याला दिलं. पुढच्या होडीतल्यांना वाटलं, नंदू आमच्याबरोबर आला. आमच्या होडीतल्यांना वाटलं, पुढच्यांबरोबर. मला सोडून कोणालाच काही विचित्र वाटलं नाही.

"आणि ही," म्हणत नंदूने मूठ उघडली. "उतरताना दिलीस ना. 'ही तुझी, घे.'"

उंडीची बी. तिच्यावर फुली.

दुपारी नाना जाळं आवरत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाना, म्हसपाठीवरून वल्ह्याच्या होडक्याने इथे यायला किती वेळ?"

"दोन तास. जास्तच. भरती असली म्हनून काय झाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या खडकावर वल्ह्यानं कोन मरायला जातंय? का हो?"

"काही नाही," मी म्हणालो. दिवसभरात दुसऱ्यांदा.

ते "काही नाही" आठ वर्षं चाललं. कोणी मेलं नव्हतं, म्हणून चालू शकलं. नंदूने मित्रांना काही सांगितलं नाही, पण घरी माधुरीवहिनींना सगळं सांगितलं. ट्रिपनंतरच्या राखी पौर्णिमेला त्या पनवेलहून तळ्याला आल्या, दार उघडल्यावर म्हणाल्या, "मला भाऊ नाही. तुम्ही नाही म्हणायचं नाही." आणि मी हात पुढे केला. त्यानंतर दरवर्षी. दरवर्षी मी ठरवायचो, यंदा सांगायचं. त्या ओवाळायच्या, पेढा भरवायच्या, आणि तो पेढा गिळेपर्यंत माझा धीर जायचा. नंदूने माझी चेष्टा कायमची सोडली. तेही सहन होत नसे. चारचौघांत कोणी मला काही बोललं तर तो म्हणायचा, "मास्तरला काही बोलायचं नाही." नंद्या, बोल रे, असं मला ओरडावंसं वाटायचं.

यंदा आषाढात त्यांच्या मुलीचं, ईशाचं, लग्न ठरलं. वहिनींचा फोन. "दादा, मुलीला मंडपात मामा घेऊन येतो. तुम्ही आणायचं तिला."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. राखी एक वेळ चालली होती. पण त्या पोरीचा हात धरून शंभर माणसांत चालायचं, आणि तिच्या बापाला मी पाण्यात सोडलेलं...

पुढच्या रविवारी पनवेलला गेलो. नंदू, वहिनी दोघं समोर बसले. मी पाणीसुद्धा न घेता बोलायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत थांबलो नाही. दोन बिया, बटण, वाटी रिकामी हाय, तीस मिनिटं. "तो मी नव्हतो नंद्या. मी होडीत बसलेलो होतो. दिलीपला विचार, सुधीरला विचार."

आत कुकरची शिट्टी झाली. मग नंदू म्हणाला, "तीस मिनिटं?"

"हो."

"मला तिथे किती वेळ वाटला माहितीये तुला?" तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. वहिनी माझ्याकडे बघतच नव्हत्या. म्हणाल्या, "तुम्ही आता जा, दादा." दादा म्हणाल्या, एवढं मी धरून ठेवलं आणि निघालो.

अकरा दिवस फोन नाही. मी केला नाही, करायचा अधिकार नव्हता. पण एक कबूल करतो, त्या अकरा दिवसांत मला आठ वर्षांत आली नव्हती तशी झोप लागली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी नंदूचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "दिलीपला विचारलं मी. तू होडीतच होतास म्हणतो. उठलास, खिसे उलटे केलेस, परत बसलास."

"हो."

"हलकट आहेस."

"हो."

"मी पण काही कमी नव्हतो. पण तू जास्त." मग म्हणाला, "बी माझ्यासमोर आहे. टीव्हीजवळच्या काचेच्या वाटीत असते. फुली माझीच आहे, चावी घसरली होती तो ओरखडाही आहे. मग ही तुझ्या खिशातून गेली कशी?"

"माहीत नाही."

"विज्ञान शिकवतोस ना?"

"माहीत नाही रे, नंद्या."

मागून वहिनींचा आवाज आला, "द्या इकडे." फोन त्यांनी घेतला. "हे बघा दादा. मला जो आला त्याला राखी बांधायची होती. तो कोण, ते तुम्हाला माहीत नाही, यांना माहीत नाही. तो सापडला तर मामा म्हणून त्यालाच उभा करू. तोपर्यंत तुम्हीच या." मग लगेच, "आणि वेळेवर या."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन दोन तांबे पाणी प्यायलो. बायको म्हणाली, काय झालं? या वेळी मी तिला सगळं सांगितलं.

लग्न झालं. दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी मी हजर होतो, त्यावरून नंदूने भर मंडपात माझी नक्कल केली. ती ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. नंदूला भास झाला म्हणावं तर तो धक्क्यावर पोहोचला कसा? कोणी कोळी आला असेल तर टॉवेल, आवाज, आणि बटण लावलेल्या खिशातली बी? देवाने वाचवलं म्हणावं, तर देवाला माझा चेहरा घ्यायची काय गरज होती, हे मला कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा. मी आता वाद घालणार नाही.

एक गोष्ट मात्र सुरू केली आहे. दिवाळीपासून दर रविवारी आगरदांड्याला जातो आणि हिराजीनानांकडून वल्हवायला शिकतो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तळहाताला फोड आलेत. नानांनाही खरं सांगितलं. हल्ली मी चढताना ते करवंटी स्वतःच्या मांडीवर धरून बसतात.

गेल्या रविवारी नंदू आला होता. होडक्यात माझ्या पुढ्यात बसला, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. मी धक्क्यापासून फेरीपर्यंत नेलं आणि परत आणलं. दोनदा गोल फिरलो, एकदा त्याला पूर्ण भिजवलं. उतरताना तो माझ्याकडे नीट निरखून बघत राहिला.

"नाही," म्हणाला. "तो तुझ्यापेक्षा पुष्कळ बरा वल्हवत होता."